मानसिक आजाराच्या औषधांनी अंग ताठरते : सोसायचे किती आणि सांगायचे कसे?

कातरवेळ

माझ्या धाकट्या भावाला स्किझोफ्रेनियाचे निदान झाले आणि रिस्पेरिडोन सुरू झाले. औषधाने गुण आला, हे आधीच सांगते. कानात येणारे आवाज जवळजवळ थांबले, रात्रीची झोप लागू लागली आणि घरच्या माणसांवरचा त्याचा संशयही ओसरला. परंतु गेल्या काही आठवड्यांपासून त्याचे अंग ताठल्यासारखे दिसते. चालताना हात हलत नाहीत, शरीराला चिकटूनच राहतात. सदऱ्याची बटणे लावायला फार वेळ लागतो, आणि खुर्चीतून उठायचे तर आधी कडेपर्यंत सरकून दोन्ही हातांनी रेटा द्यावा लागतो. बोलताना चेहऱ्यावर काहीच उमटत नाही, त्यामुळे तो रागावला आहे की थकला आहे हे आम्हाला कळत नाही. त्याचे स्वतःचे म्हणणे एवढेच की हातपाय जड झाले आहेत.

आईला वाटते की एवढ्या आजारातून उठलेल्या माणसाला अशक्तपणा असायचाच. वडील म्हणतात, आवाज थांबले ना, मग बाकीचे सोसावे. मला हे पटत नाही, कारण भाऊ हल्ली गोळी घ्यायला टाळाटाळ करू लागला आहे आणि एक दिवस तो ती गुपचूप बंद करेल अशी मला धास्ती वाटते. हा त्रास औषधाचा की आजाराचा हे कसे ओळखावे, तो जातो का, आणि डॉक्टरांना नेमके काय सांगावे म्हणजे ही गोष्ट पुढच्या भेटीवर ढकलली जाणार नाही, हे माझे प्रश्न आहेत. अनुभव असणाऱ्यांनी कृपया लिहावे.

रानजाई

तुम्ही केलेले वर्णन वाचून हा औषधाचाच परिणाम असावा असे वाटते. आमच्याकडचा प्रकार मात्र वेगळा होता. माझ्या मावसबहिणीला हॅलोपेरिडॉलचे इंजेक्शन दिले आणि दुसऱ्याच दिवशी तिची मान एका बाजूला ओढली गेली, जबडा अडकला आणि बुबुळे वर लागून तिथेच राहिली. ती पूर्ण शुद्धीवर होती, आम्ही विचारलेले सगळे तिला कळत होते, पण शब्द फुटत नव्हता. कोणी म्हणाले फिट आली, कोणी म्हणाले अंगात आल्याचे सोंग आहे. तातडीच्या विभागातल्या तरुण डॉक्टरांनी एकच प्रश्न विचारला, कोणते औषध कधी दिले. उत्तर ऐकल्यावर त्यांनी प्रोमेथाझीनचे इंजेक्शन दिले आणि अर्ध्या तासाच्या आत मान सरळ झाली. तेव्हापासून तिच्या प्रत्येक कागदावर हॅलोपेरिडॉलची नोंद आम्ही ठळक अक्षरात करून घेतो.

तिरकस

माझे अक्षर याच औषधांमुळे एवढे बारीक झाले होते की ओळ सुरू होताना मुंगळा असलेले अक्षर ओळ संपेपर्यंत मुंगी होत असे. बायकोने मी लिहिलेली एक यादी भिंग घेऊन वाचली आणि नंतर सांगितले की लग्नानंतर माझे म्हणणे एवढे लक्षपूर्वक तिने प्रथमच वाचले. कातरवेळ, भावाचे आजारापूर्वीचे आणि आताचे अक्षर शेजारी ठेवून पाहा. डॉक्टरांना दाखवायला त्याहून सोपा पुरावा नाही.

नीरक्षीर

मी मानसोपचारतज्ज्ञ आहे. रुग्णाला न तपासता निदान करता येत नाही, तेव्हा पुढचे सारे सर्वसाधारण माहिती म्हणून वाचावे.

पहिली गोष्ट म्हणजे, या त्रासात स्नायू स्वतः बिघडलेले नसतात. ही औषधे मेंदूतील डोपामिन या संदेशवाहक रसायनाचे डी-२ रिसेप्टर, म्हणजे ते रसायन जिथे काम करते ती ठिकाणे, अडवतात. भास आणि संशय ज्या भागातून उद्भवतात तिथे हे हवेच असते. पण हालचालींचा ओघ राखणाऱ्या भागातही तेच रिसेप्टर असतात, आणि औषध एक भाग सोडून दुसऱ्यात जाऊ शकत नाही. मेंदूच्या प्रतिमांवरून झालेल्या अभ्यासांत असे दिसले की साधारण ६५ टक्के रिसेप्टर अडले की गुण येऊ लागतो आणि ७८ ते ८० टक्क्यांच्या पुढे गेले की ताठरपणा, कंप यांची शक्यता झपाट्याने वाढते. उपयोग आणि त्रास यांच्यामधली जागा एवढी अरुंद आहे. म्हणून मात्रेतला थोडासा बदलही पुष्कळदा पुरतो.

दुसरी गोष्ट अशी की 'स्नायूंचा त्रास' या एका नावाखाली निदान चार वेगळ्या गोष्टी येतात, आणि एकीचा उपाय दुसरीला लागू पडतोच असे नाही. रानजाई यांनी लिहिला तो तीव्र डिस्टोनिया. तो औषध सुरू केल्यावर किंवा मात्रा वाढवल्यावर काही तासांत ते काही दिवसांत येतो आणि तरुणांमध्ये, विशेषतः पुरुषांमध्ये, अधिक आढळतो. तो दिसायला भयंकर असला तरी इंजेक्शनने लवकर उतरतो. घशाचे स्नायू आवळले गेले तर मात्र श्वासाला धोका असतो, तेव्हा घरी वाट पाहत बसू नये. धागाकर्त्या ताईंनी लिहिलेले वर्णन कंपवातासारख्या दुसऱ्या प्रकाराशी जुळते, ज्यात हालचाल मंदावते, अंग ताठरते, चेहरा निर्विकार होतो आणि कधी लाळ गळते. हा प्रकार काही दिवसांपासून काही महिन्यांपर्यंत हळूहळू चढत जातो, म्हणूनच घरच्यांना तो अशक्तपणा वाटतो. तिसरा प्रकार बसू न देणाऱ्या अस्वस्थतेचा, म्हणजे ॲकॅथिसियाचा, आणि चौथा उशिरा येणाऱ्या अनैच्छिक हालचालींचा, म्हणजे टार्डिव्ह डिस्किनेसियाचा.

कंपवातासारखा त्रास औषध कमी केल्यावर किंवा बदलल्यावर बहुतेकांचा जातो, मात्र त्याला काही आठवडे, क्वचित काही महिने लागतात. दुसऱ्याच दिवशी फरक पडला नाही म्हणून उपाय फसला असे समजू नये.

चौकस

डॉक्टरसाहेब, हा त्रास जुन्या औषधांनी होत असे आणि नव्या औषधांनी होत नाही, असे आम्हाला सांगण्यात आले होते. रिस्पेरिडोन तर नव्यांपैकी आहे ना?

नीरक्षीर

नव्यांपैकी आहे, आणि 'होत नाही' हे विधान जरा जास्तच उदार आहे. १९५२ साली पॅरिसमध्ये डिले आणि डेनिकर यांनी क्लोरप्रोमाझीन मनोरुग्णांसाठी वापरले तेव्हापासून पुढची कित्येक वर्षे अनेक डॉक्टर असे मानत की थोडा ताठरपणा आला तरच औषध लागू पडले. क्लोझापीनने ही समजूत मोडली, कारण त्याने गुण येत होता आणि अंग मात्र ताठरत नव्हते. फिनलंडमध्ये पांढऱ्या पेशी कमी होऊन मृत्यू झाल्यामुळे १९७५ च्या सुमारास त्याचा वापर बऱ्याच ठिकाणी थांबला. पुढे इतर औषधांना दाद न देणाऱ्या रुग्णांवर १९८८ मध्ये प्रसिद्ध झालेल्या चाचणीनंतर ते रक्त तपासण्याच्या अटीवर परत आले. त्याच्या मागोमाग आलेली औषधे आपण नवी म्हणतो. त्यांतही क्लोझापीन आणि क्वेटियापीन यांनी हालचालींचा त्रास सर्वांत कमी होतो, ओलान्झपीनने मध्यम, आणि रिस्पेरिडोनने मात्रेनुसार वाढत जातो, विशेषतः दिवसाला ६ मिलिग्रॅमच्या पुढे. ॲरिपिप्राझोलने ताठरपणा कमी दिसतो, पण अस्वस्थतेची तक्रार पुष्कळ येते. आणि ज्या औषधांनी हालचाली मोकळ्या राहतात त्यांतली काही वजन आणि साखर वाढवतात. निवड करताना हा हिशोब रुग्णासमोर मांडायला हवा, असे माझे मत आहे.

मीच_तो

तिसऱ्या प्रकारावर मी लिहितो, कारण तो मी भोगला आहे आणि बाहेरून पाहणाऱ्याला त्याचे गांभीर्य कळत नाही.

औषध सुरू होऊन थोडेच दिवस झाले होते. पायांत, नेमके सांगायचे तर मांड्यांच्या आत, असे काही सुरू झाले की ते ना दुखणे होते ना मुंग्या. बसलो की उठावेसे वाटे, उठलो की चालावेसे वाटे, आणि चालल्यावर जो क्षणभर आराम मिळे तो भिंतीपाशी वळेपर्यंत संपून जाई. उभा राहिलो तर वजन या पायावरून त्या पायावर टाकत राही. जेवायला एका जागी बसणे मला शक्य होत नसे. मनात विचारांचा गोंधळ नव्हता, भास नव्हते, भीती कशाची हेही सांगता येत नव्हते. शरीराला एका जागी ठेवणे एवढेच अशक्य झाले होते. त्या अवस्थेत जगणे नको वाटले होते, हेही स्पष्ट लिहितो, कारण वाचणाऱ्यांपैकी कोणाला तसे वाटत असेल तर त्याने ते आजच, याच क्षणी, कोणाला तरी सांगावे.

घरच्यांनी डॉक्टरांना सांगितले, "हा फार चिडचिडा झाला आहे, येरझारा घालतो, आजार उसळला आहे." मात्रा वाढवली गेली आणि त्रास दुप्पट झाला. मी स्वतःही 'मला अस्वस्थ वाटते' एवढेच म्हणत होतो, आणि मानसिक आजार असलेल्या माणसाने हे वाक्य म्हटले की ते मनाविषयीच आहे असे सगळे गृहीत धरतात. पुढे दुसऱ्या डॉक्टरांनी विचारले, "ही अस्वस्थता मनात आहे की पायांत? औषध वाढवल्यावर कमी झाली की वाढली?" या दोन प्रश्नांनी उलगडा झाला. त्यांनी मात्रा खाली आणली, दम्याची तक्रार नाही आणि नाडी मंद नाही हे पाहून काही काळ प्रोप्रॅनोलॉल दिले, आणि मी पुन्हा खुर्चीत बसू शकलो.

उंबरठा

सर्वांच्या अनुभवांबद्दल आदर ठेवून मी थोडे विरोधी मत मांडते. अशा चर्चा वाचून माणसे औषधे बंद करतात. माझ्या यजमानांनी डबीतल्या माहितीपत्रकावरचे दुष्परिणाम वाचले, त्यांना स्वतःच्या बोटांत कंप दिसू लागला आणि त्यांनी कोणालाही न सांगता गोळ्या टाकून द्यायला सुरुवात केली. आम्हाला कळले तेव्हा झोप उडालेली होती आणि पुढचे सगळे रुग्णालयात निस्तरावे लागले. कडक झालेले हात परवडले, पण तो काळ पुन्हा नको, असे माझ्यासारखीला वाटले तर त्यात चूक काय? कातरवेळ यांच्या वडिलांचे म्हणणे इतके सहज मोडीत काढू नये.

मीच_तो

उंबरठा ताई, तुमची भीती खोटी नाही. पण यजमानांना कंप दिसू लागला तेव्हा तो त्यांनी बोलून दाखवला असता, आणि त्यावर कोणी त्यांचे हात तपासून उत्तर दिले असते, तर गोळ्या टाकायची वेळ आली असती का? निमूटपणे सोसणारा रुग्ण घरच्यांना आज्ञाधारक वाटतो. माझ्या पाहण्यात तरी गुपचूप औषध सोडणारे बहुतेक जण आधी असेच सोसत होते.

उंबरठा

त्यांनी बोलून दाखवले होते. मीच "मनाचे खेळ आहेत" म्हणाले होते. तरीही परस्पर औषध थांबवणे हा त्याचा उपाय नाही, यावर मी ठाम आहे.

पायवाट

मी फिजिओथेरपी करते. आमच्याकडे असे रुग्ण 'खांदा आखडला' म्हणून येतात, आणि त्यातल्या काहींचा खांदा मुळात निर्दोष असतो. रुग्णाला हात सैल सोडायला सांगून मी त्याचे मनगट सावकाश वरखाली फिरवते. साधे आखडलेले सांधे एका ठरावीक ठिकाणी अडतात. इथे मात्र संपूर्ण फिरवण्यात एकसारखा विरोध लागतो किंवा दातेरी चाक फिरल्यासारखे बारीक हिसके जाणवतात. शंका असेल तर दुसऱ्या हाताची मूठ उघडझाप करायला सांगते. तसे करताच आधी न जाणवलेला ताठरपणा तपासत असलेल्या हातात उमटतो. खऱ्या कंपवातात त्रास बहुधा एका बाजूने सुरू होतो, औषधाच्या त्रासात तो पुष्कळदा दोन्ही बाजूंना सारखा असतो, मात्र हा नियम पक्का नाही.

घरच्यांनी दोन गोष्टींकडे विशेष लक्ष द्यावे. एक, वळताना पाऊल अडखळते का, कारण अशी माणसे पडताना हात पुढे करण्याइतकी चपळ राहत नाहीत. दोन, गिळताना ठसका लागतो का. गिळणे हेही स्नायूंचेच काम आहे आणि ते मंदावले तर घास श्वासनलिकेत जाण्याचा धोका असतो. याची तक्रार रुग्ण आपणहून क्वचितच करतो.

गोगलगाय

हे त्रास फक्त मानसिक आजारांच्या औषधांनीच होतात असे कोणी समजू नये. माझ्या वयस्कर आईला मळमळीसाठी मेटोक्लोप्रमाइड सुरू झाले आणि ते कोणीच थांबवले नाही. काही महिन्यांनी तिचे पाय घासटू लागले आणि हात थरथरू लागले. एका डॉक्टरांनी कंपवाताचे औषध जोडले, त्या औषधाने मळमळ वाढली, आणि मळमळ वाढली म्हणून मेटोक्लोप्रमाइडची मात्रा वाढली! शेवटी सगळ्या गोळ्या टेबलावर ओतून एकेकीचे कारण विचारणारे डॉक्टर भेटले. मळमळीचे औषध थांबवल्यावर ती हळूहळू सावरली.

नीरक्षीर

गोगलगाय यांची नोंद मोलाची आहे. मेटोक्लोप्रमाइड आणि चक्कर-मळमळीसाठी दिले जाणारे प्रोक्लोरपेराझीन ही दोन्ही औषधे डोपामिनच अडवतात. मेटोक्लोप्रमाइड १२ आठवड्यांपेक्षा जास्त काळ देणे टाळावे, असा ठळक इशारा अमेरिकेच्या औषध नियामकांनी २००९ साली औषधाच्या माहितीत घालायला लावला.

सावकाश

मी औषधनिर्माणशास्त्राची पदवीधर असून औषधांच्या आपसांतल्या परिणामांवर काम करते. कातरवेळ, एक विचारते. त्रास सुरू होण्याच्या आगेमागे भावाला दुसरे एखादे औषध सुरू झाले होते का? रिस्पेरिडोनची मात्रा कागदावर तीच राहूनही शरीरात त्याचे प्रमाण वाढू शकते. यकृतातले जे विकर रिस्पेरिडोनचे विघटन करते, तेच फ्लुऑक्सेटिन आणि पॅरॉक्सेटिन ही नैराश्याची औषधे अडवून धरतात. हॅलोपेरिडॉल आणि ॲरिपिप्राझोल यांच्या बाबतीतही हे लागू आहे.

ओलान्झपीन आणि क्लोझापीन घेणाऱ्यांसाठी आणखी एक गोष्ट सांगून ठेवते. सिगारेटच्या धुरातल्या घटकांमुळे ही दोन औषधे यकृतात वेगाने संपतात. माणसाने धूम्रपान सोडले की तीच मात्रा भारी पडू लागते. धूम्रपान जरूर सोडावे, पण डॉक्टरांना तारीख कळवून सोडावे.

चौकस

माझ्या पुतण्याच्या रक्ताच्या अहवालात सीके नावाचे काहीतरी वाढलेले आले आणि प्रयोगशाळेतल्या माणसाने 'स्नायू विरघळत आहेत' असे सांगून आम्हाला घाबरवले. ताप नाही, अंग ताठ नाही, मुलगा व्यवस्थित हिंडतो-फिरतो. हा कोणता प्रकार?

नीरक्षीर

सीके हे स्नायूंच्या पेशींतले एक विकर आहे. भरपूर व्यायाम केला, दंडात किंवा कुल्ल्यात इंजेक्शन घेतले, पडझड झाली, तरी ते रक्तात वाढते. या औषधांनीही ते काही जणांत लक्षणांशिवाय वाढते. केवळ आकडा पाहून घाबरू नये, चाचणी पुन्हा करावी, लघवीचा रंग गडद चहासारखा होतो का ते पाहावे आणि अहवाल उपचार करणाऱ्या डॉक्टरांना दाखवावा.

मात्र या निमित्ताने ज्याला खरोखर घाबरले पाहिजे ते लिहितो. औषध सुरू केल्यावर किंवा वाढवल्यावर, बहुधा पहिल्या काही आठवड्यांत, तीव्र ताप, संपूर्ण अंगाचा कडकपणा, घामाच्या धारा, रक्तदाबाचे आणि नाडीचे चढउतार आणि बुद्धीचा गोंधळ ही लक्षणे एकत्र आली, तर तो न्यूरोलेप्टिक मॅलिग्नंट सिंड्रोम असू शकतो. तो दुर्मीळ आहे, पण त्यात स्नायू खरेच तुटतात, सीके हजारांत जाते आणि तुटलेल्या स्नायूंतील द्रव्याने मूत्रपिंडे निकामी होऊ शकतात. अशा वेळी पुढची गोळी देऊ नये आणि रुग्णाला त्याच तासाला रुग्णालयात न्यावे. 'विचारल्याशिवाय औषध थांबवू नये' या नियमाला एवढा अपवाद उंबरठा ताईही मान्य करतील.

उंबरठा

मान्य आहे. ताप आणि कडक अंग एकत्र दिसले तर विचारत बसायचे नाही, हे मी दारामागे लिहून लावले आहे.

रानजाई

चौथ्या प्रकाराविषयी कोणी लिहिले नाही. आमच्या एका नातेवाइकांचे ओठ सतत चघळल्यासारखे हलतात, जीभ मधूनच बाहेर येते. त्यांनी कित्येक वर्षे महिन्याचे इंजेक्शन घेतले. त्यांना स्वतःला याची फारशी जाणीव नाही, पण समोरच्याला बोलायला अवघड होते. ताठरपणासाठी दिली जाणारी ट्रायहेक्सिफेनिडिलची गोळी वाढवून काही फरक पडला नाही, उलट हालचाली जास्त झाल्यासारख्या वाटतात.

नीरक्षीर

तुमचे निरीक्षण बरोबर असण्याची दाट शक्यता आहे. ट्रायहेक्सिफेनिडिल ताठरपणाला आणि डिस्टोनियाला उपयोगी पडते; टार्डिव्ह डिस्किनेसिया मात्र त्याने वाढू शकतो. हा त्रास सहसा किमान तीन महिने, आणि साठीच्या पुढच्यांत महिनाभरही, औषध घेतल्यानंतर दिसतो. जुन्या औषधांवर असलेल्या प्रौढांपैकी दरवर्षी सुमारे ५ टक्क्यांना तो नव्याने होतो, आणि उतारवयात हे प्रमाण याहून बरेच जास्त असते. यातली फसवी गोष्ट अशी की मात्रा वाढवली तर हालचाली काही काळ झाकल्या जातात आणि कमी केली तर सुरुवातीला उफाळून येतात, त्यामुळे वाढवणेच बरे असा चुकीचा निष्कर्ष निघतो. मूळ औषध बदलूनही हालचाली कायम राहू शकतात, म्हणून त्या लवकर हेरणे महत्त्वाचे आहे. व्हॅल्बेनाझीन आणि ड्यूटेट्राबेनाझीन या औषधांना यासाठी अमेरिकेत २०१७ साली मान्यता मिळाली. त्यांच्या जातीचे टेट्राबेनाझीन जुने आहे, पण त्याने नैराश्य येऊ शकते, तेव्हा ते फार जपून द्यावे लागते.

हेरण्याची पद्धत साधी आहे. रुग्णाला बाजूला हात टेकायची सोय नसलेल्या खुर्चीवर, बूट-मोजे काढून, हात गुडघ्यांवर ठेवून बसवतात. तोंडात काही नाही ना आणि दातांची कवळी टोचत नाही ना, हे विचारतात. जीभ तोंडातच ठेवून तोंड उघडायला सांगतात. मग अंगठ्याने एकेका बोटाला भराभर स्पर्श करायला लावतात आणि त्याच वेळी बोटांकडे न पाहता चेहऱ्याकडे व पायांकडे पाहतात, कारण लक्ष हातात गुंतले की तोंडाच्या दडलेल्या हालचाली प्रकट होतात. १९७६ पासून वापरात असलेल्या 'एम्स' (ॲब्नॉर्मल इन्व्हॉलंटरी मूव्हमेंट स्केल, म्हणजे अनैच्छिक हालचाली मोजायची) या मोजपट्टीत याची गुणांकने असतात. पाच-दहा मिनिटांचे हे काम आम्ही डॉक्टर मंडळी गर्दीच्या नावाखाली टाळतो, त्यामुळे रुग्णांनीच त्याची मागणी केलेली बरी.

तिरकस

ट्रायहेक्सिफेनिडिलचा विषय निघालाच आहे तर सांगतो. ताठरपणा गेला, अक्षर मोठे झाले, पण जीभ टाळूला चिकटू लागली आणि माझे बोलणे निम्म्यावर आले. घरच्यांनी हा दुष्परिणाम औषधाच्या गुणांत मोजला. गमतीचा भाग सोडला तर बद्धकोष्ठता आणि विसरभोळेपणा यांनी मला बराच त्रास दिला. ती गोळी कायमची असते असे मी धरून चाललो होतो. मूळ औषधाची मात्रा उतरल्यावर डॉक्टरांनी तीही टप्प्याटप्प्याने काढली आणि ताठरपणा परत आला नाही. ज्यांना ती सुरू आहे त्यांनी अजून तिची गरज आहे का हे अधूनमधून विचारत राहावे, पण एकदम थांबवू नये.

कातरवेळ

सर्वांचे मनापासून आभार. सावकाश ताईंचा प्रश्न वाचून मी जुने कागद काढले. भाऊ उदास राहतो म्हणून मधल्या काळात दुसऱ्या एका दवाखान्यातून पॅरॉक्सेटिन सुरू झाले होते, आणि अंग जड होऊ लागले ते त्यानंतरच. त्याच्या मानसोपचारतज्ज्ञांना हे औषध माहीतच नव्हते.

भेटीला जाताना मी एका कागदावर कोणते औषध कधी सुरू झाले, मात्रा केव्हा बदलली आणि कोणता त्रास त्याच्या आधी की नंतर दिसला, हे लिहून नेले. सोबत त्याच्या चालण्याचे फोनवरचे चित्रण आणि जुन्या-नव्या अक्षराचे नमुने होते. डॉक्टरांनी कागद वाचल्यावर पायवाट यांनी लिहिली तशीच मनगटाची तपासणी केली. उदासी म्हणून आम्ही जी समजत होतो तिचा काही भाग निर्विकार चेहरा आणि मंदावलेली हालचाल यांचा असू शकतो, असे त्यांचे मत पडले. पॅरॉक्सेटिन हळूहळू कमी करायचे आणि रिस्पेरिडोन थोडे खाली आणायचे ठरले. ट्रायहेक्सिफेनिडिल गरज भासली तरच. त्यांनी हे सगळे भावाशी बोलून ठरवले, माझ्याशी नाही, आणि मला वाटते की गोळी घ्यायला तो पुन्हा तयार झाला तो त्यामुळेच. चालणे अजून पूर्ववत नाही, पण काल तो जिना कठडा न धरता उतरला.

उंबरठा

ऐकून बरे वाटले. मात्रा उतरवताना आवाज परत आले तर काय करायचे, हे विचारून ठेवले आहे का?

कातरवेळ

हो. संशय किंवा पुटपुटणे दिसले तर पुढच्या भेटीची वाट न पाहता फोन करायचा, असे सांगितले आहे.

उंबरठा

त्यात झोप जोडा. आमच्याकडे आजार उसळला तेव्हा सर्वांत आधी झोपच तुटली होती. संशय त्यानंतर बऱ्याच दिवसांनी आला. तो किती वाजता दिवा मालवतो आणि किती वाजता उठतो एवढे लिहीत जा, आणि ते त्यालाच लिहू द्या. आमचे यजमान आता त्याच वहीत हाताच्या कंपाचीही नोंद करतात आणि भेटीच्या वेळी ती वही मला न दाखवता थेट डॉक्टरांपुढे ठेवतात.